भाषण ऐकून अंगावर काटा आला. आता वहीत काय लिहायचं?



परवाच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की आमच्या रविवारच्या बॅचमधला 'भाषण बघा आणि एक पान लिहा' हा गृहपाठ कसा चालतो ते सविस्तर लिहून सांगेन. व्हिडिओत तेवढा वेळ नव्हता, म्हणून आज इथे लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, आणि जमलं तर शेजारी वही-पेन घेऊनच बसा.

गृहपाठ साधा आहे. आठवडाभरात कुठलंही एक प्रेरणादायी भाषण बघायचं आणि रविवारी येताना त्यावर एक पान लिहून आणायचं. पहिल्या रविवारी कसली पानं येतात ते आता मी न वाचताच सांगू शकतो. "खूप प्रेरणा मिळाली." "जिद्द असेल तर काहीच अशक्य नाही." "वक्त्यांनी फार सुंदर शब्दांत सांगितलं." "आता मागे वळून बघायचं नाही." लिहिणारे वेगळे, भाषणं वेगळी, पण पानं एकमेकांची बघून उतरवल्यासारखी. वक्त्याचं नाव खोडलं तर कुठलं पान कुठल्या भाषणाचं ते ओळखता येणार नाही.

पूर्वी मी अशा पानांवर लाल पेनने 'छान!' लिहून वही परत द्यायचो. ते का बंद केलं, ते आधी सांगतो.

दुसऱ्या दुकानाची गोष्ट

आमच्या एका जुन्या बॅचमध्ये एक दादा होते. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ त्यांचं नाश्त्याचं दुकान. वडापाव, मिसळ, चहा. सहा वर्षं घासून धंदा बसवलेला, रोजची विक्री साधारण ३,५०० रुपये. त्यांनी माझाच एक व्हिडिओ बघितला, 'मोठा विचार करा' या विषयावरचा. पानावर लिहिलं होतं, "आता थांबायचं नाही. दुसरी शाखा काढायचीच." मी खाली लिहिलं, "छान! शुभेच्छा!"

पंधरा दिवसांत त्यांनी बाजारपेठेत दुसरा गाळा घेतला. डिपॉझिट दीड लाख. त्यातले एक लाख वहिनींच्या पाटल्या गहाण टाकून उभे केले. आठ महिन्यांनी गाळा बंद झाला. मला भेटायला आले तेव्हा चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. म्हणाले, "सर, तुमचा व्हिडिओ बरोबरच होता. मीच कुठेतरी कमी पडलो."

हे ऐकून मला जास्त लागलं. त्या संध्याकाळी आम्ही बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. नव्या गाळ्याचं भाडं १८,००० रुपये, एका पोऱ्याचा पगार ११,०००, वीजबिल ३,०००. म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च ३२,०००. शंभर रुपयांच्या विक्रीत कच्चा माल आणि गॅस जाऊन हातात उरत होते ४० रुपये. म्हणजे नुसता ना नफा ना तोटा व्हायला महिन्याला ८०,००० रुपयांची विक्री पाहिजे. २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजची जवळजवळ ३,०८०. सहा वर्षं जुन्या दुकानाची विक्री ३,५००, आणि नव्या दुकानाने पहिल्या महिन्यापासून ३,०८० करायला हवी होती! प्रत्यक्षात होत होती १,८००. दर महिन्याला तेरा हजारांहून जास्त तोटा, आठ महिन्यांत लाखाच्या वर. डिपॉझिट परत मिळालं, ते उधारी फेडण्यात गेलं. पाटल्या बँकेतच राहिल्या.

हा हिशेब करायला आम्हाला वीस मिनिटं लागली. पाटल्या गहाण टाकायच्या आधी केला असता तरी वीसच मिनिटं लागली असती. आणि तो हिशेब करा, असं त्या पानावर लिहायचं काम माझं होतं. मी 'छान' लिहिलं होतं.

तेव्हापासून गृहपाठ तोच आहे, पण पान कसं लिहायचं ते बदललं.

ऐकताना सगळं कळल्यासारखं का वाटतं?

चांगलं भाषण ऐकलं की आपल्याला वाटतं, 'अरे, समजलं की सगळं!' या वाटण्यावर किती भरवसा ठेवायचा, याचा एक सुंदर प्रयोग आहे.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात शाना कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एक छोटा व्हिडिओ दाखवला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता, तिरंगी मांजरं जवळजवळ नेहमी मादीच का असतात. मजकूर एकच, पण व्हिडिओ दोन. एकात शिक्षिका ताठ उभी, समोर बघून, न अडखळता बोलते. दुसऱ्यात तीच शिक्षिका वाकून, कागदात बघून, अडखळत वाचते. बघून झाल्यावर विद्यार्थ्यांना विचारलं, तुमच्या किती लक्षात राहील? पहिला व्हिडिओ बघणारे म्हणाले, भरपूर. दुसरा बघणारे म्हणाले, फार नाही. मग प्रत्यक्ष चाचणी घेतली, तर दोन्ही गटांच्या लक्षात जवळपास सारखंच राहिलं होतं!

म्हणजे काय, वक्ता छान बोलला की आपल्याला वाटतं आपण छान शिकलो. बोलण्याचं कौशल्य त्याचं असतं, आणि मार्क आपण स्वतःला देऊन टाकतो. मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलून पोट भरतो, तरीही हे सांगतोय. माझ्याही व्हिडिओला हाच नियम लावा.

आता पानाकडे येऊ. आमच्या पानावर चार रकाने असतात. एकेक बघू.

रकाना पहिला: वक्त्याने प्रत्यक्ष काय केलं?

भाषण संपलं की मोबाईल पालथा ठेवायचा आणि आठवेल ते लिहायचं. परत मागे नेऊन बघायचं नाही. सुरुवातीला त्रास होतो. पाच मिनिटांपूर्वी टाळ्या वाजवल्या आणि आता तीन वाक्यंसुद्धा आठवत नाहीत, याची लाज वाटते. पण हा त्रासच उपयोगी आहे.

२००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचला आणि नंतर न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानंतर चित्र उलटं झालं. दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. म्हणून एकच भाषण चारदा बघण्यापेक्षा एकदा बघा आणि एकदा न बघता लिहा.

आणि लिहिताना एक अट. गुण लिहायचे नाहीत, कृती लिहायच्या. उदाहरण देतो. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांचं भाषण आमच्याकडे नेहमी निवडलं जातं. स्वस्त सॅनिटरी पॅड बनवणारं यंत्र तयार करणारे हे गृहस्थ. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ चा 'पॅडमॅन' सिनेमा त्यांच्यावरूनच आला. एका विद्यार्थ्याचं पान होतं, "प्रचंड जिद्द, समाजाची पर्वा नाही, पत्नीवरचं प्रेम." सगळं खरं. पण सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर या 'जिद्दी'चं करायचं काय?

त्याच बाकावरच्या एका ताईंनी लिहिलं होतं:

"त्यांनी आधी कापसाचं पॅड करून बायकोला दिलं, ते चाललं नाही. वापरून सांगायला बायका मिळेनात, म्हणून फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये जनावराचं रक्त भरून स्वतः वापरून बघितलं. मोठ्या कंपनीच्या पॅडमध्ये नेमकं काय असतं हे शोधायला दोन वर्षांच्या वर गेली. कापूस नसतो, लाकडापासून काढलेला सेल्युलोजचा लगदा असतो, हे कळल्यावर गाडी पुढे सरकली. मोठं यंत्र कोट्यवधींचं, म्हणून प्रत्येक टप्प्याचं छोटं, साधं यंत्र केलं. आणि ती यंत्रं बचत गटांना विकली."

बघा फरक. दुसऱ्या पानातून लगेच प्रश्न पडतात. माझा माल वापरून बघणारं गिऱ्हाईक मला खरं सांगतं का? माझ्या स्पर्धकाच्या मालात काय आहे, हे मी कधी उघडून बघितलंय का? जिद्द ही वक्त्याची आहे, ती उसनी मिळत नाही. पण 'स्पर्धकाचं पाकीट आणून फोडून बघणं' उद्या सकाळी जमतं.

रकाना दुसरा: त्याने काय सांगितलं नाही?

हा रकाना भरताना विद्यार्थ्यांना संकोच वाटतो. एवढ्या मोठ्या माणसाची चूक काढायची का? नाही हो, चूक काढायची नाही. भाषण वीस मिनिटांचं आणि आयुष्य पन्नास वर्षांचं. काहीतरी राहणारच.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने अमेरिकेत लढाऊ विमानांवर काम केलं. लढून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा असायच्या. साधा विचार असा की जिथे खुणा जास्त तिथे पत्रा जाड करावा. पण वाल्डच्या कामातून आपण शिकायचं ते उलट. समोर आहेत ती फक्त परत आलेली विमानं. म्हणजे तिथे गोळी लागूनही विमान परत येऊ शकतं. ज्या भागावर खुणा दिसत नाहीत, तिथे लागलेली विमानं परतच आली नाहीत.

व्यासपीठावर बोलणारा उद्योजक हे परत आलेलं विमान आहे. 'मी नोकरी सोडली, सगळे दागिने मोडले आणि उडी मारली' असं तो सांगतो, ते खरंच असतं. पण तशीच उडी मारून बुडालेल्या माणसाला कोणी माईक देत नाही. आमचे नाश्त्याच्या दुकानवाले दादा कुठल्या सभेत बोलायला जाणार?

म्हणून दुसऱ्या रकान्यात चार प्रश्न विचारायचे:

- सुरुवातीचा पैसा कुठून आला, आणि बुडाला असता तर काय झालं असतं?
- कमाई नव्हती त्या काळात घर कशावर चाललं?
- सोबत कोण होतं? बायको, भाऊ, जुना गिऱ्हाईक, एखादा मदत करणारा अधिकारी?
- ती वेळ आणि ती जागा माझ्याकडे आहे का?

काही वक्ते याची उत्तरं स्वतःहून देतात. मुरुगनंतम यांच्या प्रयोगांमुळे बायको आणि नंतर आईसुद्धा काही काळ घर सोडून गेल्या होत्या, आणि ते हे उघडपणे सांगतात. ज्या भाषणात अशी किंमत सांगितलेली असते, ते शिकायला जास्त चांगलं. ज्यात नुसता विजयच असतो, ते ऐका, आनंद घ्या, पण पाटल्यांना हात लावू नका.

रकाना तिसरा: माझा आकडा

आता भाषण बाजूला आणि आपली खातेवही पुढे. भाषणातून जी कल्पना घेतली, तिला आपल्या धंद्यातला एक आकडा जोडायचा. एकच, पण खरा. 'अंदाजे बरा चालतो' हा आकडा नव्हे.

शाखा वाढवायचं डोक्यात आलं असेल तर ठरलेला खर्च भागायला रोजची विक्री किती लागेल ते लिहा. ग्राहकसेवेवरचं भाषण असेल तर गेल्या महिन्यात किती गिऱ्हाइकांनी माल परत आणला ते मोजा. जाहिरातीवरचं असेल तर आज दुकानात आलेल्यांपैकी किती जण नवे होते ते मोजा. आकडा माहीत नसेल तर तसंच लिहा, 'माहीत नाही.' मग या आठवड्याचं काम आपोआप ठरलं, तो आकडा शोधायचा. निम्म्या लोकांचा तिसरा रकाना पहिल्यांदा असाच असतो. यात कमीपणा काही नाही.

रकाना चौथा: कधी, कुठे, काय?

'मी आता रोज हिशेब लिहिणार' हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. 'रात्री शटर ओढल्यावर, गल्ल्याशेजारी उभं राहून, घरी निघायच्या आधी दिवसाची विक्री वहीत लिहिणार' हे चालतं.

याच्या मागेही अभ्यास आहे. पीटर गॉलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रँडस्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना काम दिलं होतं. नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ कशी घालवली, त्याचा अहवाल दोन दिवसांत लिहून पाठवायचा. निम्म्यांना आधीच ठरवायला लावलं की अहवाल कधी आणि कुठे बसून लिहाल. सुट्टीचे दिवस, घरी पाहुणे, गडबड. तरीही वेळ-जागा ठरवलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी वेळेत अहवाल पाठवला. न ठरवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश. इच्छा दोन्हीकडे होती, ठिकाण आणि वेळ एकाच गटाकडे होती.

एक पूर्ण पान

घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी मुंबईच्या डबेवाल्यांवरचं भाषण निवडलं. १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था, तिच्यावर व्याख्यानं भरपूर होतात. ताईंचं पहिलं पान नेहमीसारखंच होतं, "त्यांच्यासारखी निष्ठा हवी." मी वही परत दिली. दुसऱ्या रविवारी हे आलं:

"काय केलं: डब्याच्या झाकणावर खुणा असतात. मधला मोठा आकडा कुठल्या भागात पोचवायचा ते सांगतो. कडेला इमारतीची खूण आणि मजला. रंग आणि आकारावरून डबा कुठल्या स्टेशनवरून आला ते कळतं. पूर्ण पत्ता लिहायची गरज नाही. शिवाय प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा असतात, कोणी अडलं तर डबे थांबत नाहीत.

काय सांगितलं नाही: लोकल ट्रेन आहे म्हणून हे जमतं. माझ्याकडे एक स्कूटी आणि पुतण्या आहे.

माझा आकडा: गेल्या दिवाळीत १४० ऑर्डर. ११ घरी चुकीचा बॉक्स गेला. त्यातल्या दोन घरी बिनसाखरेचे लाडू सांगितले होते.

कधी, कुठे, काय: शनिवारी दुपारी, बॉक्स भरायच्या टेबलावर. भागानुसार चार रंगांचे स्टिकर, त्यावर ऑर्डरचा नंबर. बिनसाखरेला झाकणावर काळी पट्टी. पुतण्या आजारी पडला तर कोण जाणार, ते त्याच दिवशी वहिनींशी बोलून ठरवणार."

पुढच्या दिवाळीत चुकीचे बॉक्स गेले तीन. शून्य झाले नाहीत, पण बिनसाखरेचा एकही चुकला नाही. निष्ठा त्यांच्याकडे आधीही होती, कमी होते ते स्टिकर.

तुम्ही स्वतः शिकवत असाल तर

तुमचा बचत गट असेल, कॉलेजचा वर्ग असेल किंवा दुकानातली चार मुलं असतील, तरी हे करता येतं. तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, 'कसं वाटलं?' हा प्रश्न सुरुवातीला विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं, 'छान वाटलं.' आधी विचारा, 'वक्त्याने काय केलं?' वाटण्याबद्दल शेवटी बोला, तेव्हा मुलं मनापासून बोलतात. दुसरी, सगळ्यात हुशार बोलणाऱ्याला आधी उभं करू नका. आधी सगळ्यांनी शांतपणे लिहायचं, मग वाचायचं. नाहीतर बाकीचे त्याचंच वाक्य फिरवून सांगतात. तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: पुढच्या आठवड्यात नवीन भाषण घ्यायच्या आधी मागच्या पानाचा चौथा रकाना उघडा. झालं का? नसेल झालं तर का नाही? रागावू नका, पण विचारल्याशिवाय सोडू नका.

जाता जाता

नाश्त्याच्या दुकानवाले दादा आता परत बॅचला येतात. मागच्या महिन्यात त्यांनी धंदा वाढवण्यावरचंच एक भाषण निवडलं, मला जरा धडकीच भरली. पण पान बघितलं. तिसऱ्या रकान्यात होतं, "सकाळी ७ ते ९ या वेळात मिसळीला बसायला जागा नाही म्हणून रोज १० ते १२ माणसं परत जातात. तीन दिवस मोजलं." चौथ्यात होतं, "सोमवारपासून दारातच पार्सलचं टेबल. भाडं तेच, माणूस तोच." पाटल्या त्यांनी गेल्या वर्षी सोडवून आणल्या. त्या पानाखाली मी 'छान' लिहिलं नाही. लिहिलं, "पंधरा दिवसांनी आकडा दाखवा."

तर आता तुमचा गृहपाठ. या आठवड्यात नवीन काही शोधू नका. तुम्हाला आधीच आवडलेलं, चार जणांना पाठवलेलं एक भाषण आठवा. न बघता चार रकाने भरा. पहिला रकाना रिकामा राहिला तर ते भाषण पुन्हा एकदा बघा, या वेळी पेन हातात घेऊन. आणि माझा व्हिडिओ निवडलात तर दुसरा रकाना जरा जास्तच नीट भरा, आणि खाली कमेंटमध्ये मला पाठवा. मी काय सांगायचं विसरलो, ते मलाही कळायला हवं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडी ठेवा!